खोडकर डेनिस आणि गरीब वॉल्टर

श्रोतेहो, पोरांच्या खोड्या हा काही नवा विषय नाही. गोकुळातल्या गौळणी यशोदेच्या दारी गाऱ्हाणी घेऊन जात, तेव्हापासून तो चालत आला आहे. आजही आपल्या गावात एखादी शेजारीण सकाळी सकाळी अंगणात येऊन उभी राहते. "तुमच्या बाळ्यानं आमच्या चिंचेवर दगड मारले, दोन कौलं फुटली," असे सांगते. घरातली आजी नातवावर डोळे वटारते आणि शेजारीण पाठमोरी झाली की पदराआड हसते. आपण मुलांच्या खोड्यांना रागावतोही आणि हसतोही. यातले रागावणे किती आणि हसणे किती, आणि त्या हसण्याची किंमत कोण देतो, याबद्दल आज चार शब्द बोलायचे आहेत. त्यासाठी तुम्हांला जरा लांब घेऊन जातो, स्कॉटलंडातल्या डंडी नावाच्या शहरी.

डंडी शहर एके काळी तीन धंद्यांसाठी ओळखले जाई: ताग, मुरंबा आणि वृत्तपत्रे. ताग आपल्या बंगालमधून जाई. त्या गिरण्या कधीच बंद पडल्या, पण छापखान्याचा धंदा टिकला. डी. सी. टॉमसन या तिथल्या प्रकाशकांनी १९३८ च्या जुलै महिन्यात 'बीनो' नावाचे मुलांचे चित्रसाप्ताहिक सुरू केले. १९५० साली त्याच्या एका अंकाचा खप १९ लाख ७४ हजारांवर पोचला होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याचा चार हजारावा अंक निघाला. आजोबांनी वाचले, मुलाने वाचले आणि नातू वाचतो आहे, असे हे साप्ताहिक.

याच 'बीनो'त १९५१ च्या मार्चमध्ये एक पोरगा अवतरला. त्याचे नाव डेनिस. डोक्यावर काळ्या केसांचे शिप्तर, गुडघे उघडे आणि हातात बेचकी. काळ्या आणि तांबड्या आडव्या पट्ट्यांचा त्याचा प्रसिद्ध स्वेटर थोड्या दिवसांनी आला. डेव्हिड लॉ या चित्रकाराने तो १९७० पर्यंत काढला. गंमत अशी, की त्याच आठवड्यात अमेरिकेत हँक केचम यांनी याच नावाच्या एका खट्याळ मुलाची चित्रमाला वर्तमानपत्रातून सुरू केली. दोघांनाही एकमेकांची वार्ता नव्हती. अमेरिकेचा डेनिस गोंडस, सोनेरी केसांचा. बोलायला जातो आणि घोटाळा करतो. डंडीचा डेनिस मात्र ठरवून खोडी काढणारा.

१९६८ च्या ऑगस्टात त्याला एक कुत्रा मिळाला, नाव नॅशर. केस धन्यासारखेच काळे आणि ताठ, दात पांढरेशुभ्र, आणि मनुष्याची पोटरी दिसली की ते शिवशिवणारे. १९७४ साली डेनिसने साप्ताहिकाचे मुखपृष्ठच पटकावले.

डेनिसचे पान ठराविक साच्याचे असे. पहिल्या चौकोनात काहीतरी करू नको म्हणून वडील बजावतात. मधल्या चौकोनांत तेच घडते: शेजाऱ्याच्या खिडकीची काच, पाहुण्यांची टोपी, पोलिसाचे हेल्मेट, सगळ्यांची वाट लागते. शेवटच्या चौकोनात डेनिस बापाच्या मांडीवर पालथा आणि बापाच्या हातात सपाता. वर्षानुवर्षे हा शेवट ठरलेला होता. १९८६ साली तिकडे कायदा झाला आणि पुढच्या वर्षापासून सरकारी शाळांतली छडी गेली. त्याच सुमारास डेनिसच्या पानावरची सपातही नाहीशी झाली.

आता या गोष्टीतले तिसरे पात्र सांगतो. त्याचे नाव वॉल्टर. डोळ्यांवर चष्मा, गळ्यात बो, कपडे इस्त्रीचे. याला फुले आवडतात, अभ्यास आवडतो, मारामारी आवडत नाही. आपल्याकडे अशा मुलाला 'गरीब' म्हणतात, 'गरीब गाय' म्हणतात आणि वात्रट पोरे त्याहून वाईट शब्द वापरतात. डेनिसने त्याला 'सॉफ्टी' म्हणावे, म्हणजे मऊ म्हणावे, त्याच्या अंगावर चिखल उडवावा, कुत्रा सोडावा आणि वाचणाऱ्यांनी पोट धरून हसावे, असा पन्नासएक वर्षांचा शिरस्ता होता.

ही झाली कागदावरची गोष्ट. पुढे डेनिस दूरचित्रवाणीवर आला. १९९६ पासून एक कार्टूनमाला निघाली. २००९ साली दुसरी निघाली, ती बीबीसीच्या मुलांच्या वाहिनीवरून दाखवली गेली. २०१७ च्या नोव्हेंबरात तिसरी आली, ती संगणकावर घडवलेली. या दुसऱ्या मालेच्या वेळी बरीच काटछाट झाली. डेनिसच्या हातातली बेचकी गेली, वाटाणे उडवायची फुंकनळी गेली. नॅशरने माणसांना चावणे सोडले. वॉल्टरला मऊ म्हणून छळणेही आवरते घेतले. झाले! मुलांच्या कार्टूनवरून मोठी माणसे भांडू लागली. आमच्या लहानपणीच्या वाघाचे तुम्ही मांजर केलेत, असा जुन्या वाचकांचा ओरडा वर्तमानपत्रांतून सुरू झाला.

हे मला कसे ठाऊक, असे तुम्ही विचाराल. माझी धाकटी बहीण इंग्लंडात लेस्टर शहरी असते. २०१८ च्या उन्हाळ्याच्या सुटीत मी काही आठवडे तिच्याकडे होतो. भाचा तेव्हा आठ वर्षांचा. शाळेतून आला की दप्तर एका कोपऱ्यात, बूट दुसऱ्या कोपऱ्यात आणि स्वारी डेनिसपुढे. त्याच्या शेजारी बसून मामाही पाहू लागला. एक भाग अकरा मिनिटांचा. पळापळ, आदळआपट, घाणेरडे वास आणि कुत्र्याची अक्कल! खोटे कशाला बोलू, मीही हसलो. मग मास्तराची खोड स्वस्थ बसू देईना. जो भेटेल त्याला मी विचारू लागलो, "काय हो, हा डेनिस तुम्हांला कसा वाटतो?"

बहिणीच्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ राहत, रेल्वेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "मी 'बीनो' वाचू लागलो तेव्हा आमच्याकडे गोळ्या-चॉकलेटेसुद्धा रेशनवर होती." हे खरेच आहे, युद्धानंतरचे ते रेशन तिकडे १९५३ साली उठले. "शाळेत मास्तरांची छडी, घरी बापाचा पट्टा. आम्हांला काही करता येत नव्हते ते डेनिस करी. शेवटी तो मार खाई आणि हिशेब मिटे. आता त्याला मारही नाही आणि त्याची खोडीही खरी नाही. मग त्यात उरले काय?" त्यांचे म्हणणे मला हसण्यावारी नेण्यासारखे वाटले नाही. ज्या मुलाला कशालाच 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या वतीने कागदावरचा एक पोरगा 'नाही' म्हणतो, हा लहान आधार नव्हे. आपल्याकडे ताम्हनकरांच्या 'गोट्या'वर मुलांनी प्रेम केले, त्याच्या मुळाशीही असेच काही असावे.

आमच्या मेहुण्यांचे मत अगदी उलटे. "पोरगं जेवताना तोंडाने घाण आवाज काढतं, आणि विचारलं तर डेनिसचं नाव सांगतं. मी तर ते बंदच करणार होतो," असे ते म्हणाले. घरोघरच्या बापांचे हे मत असणार आणि त्यातही तथ्य आहे. लहान मूल ऐकण्यापेक्षा पाहून लवकर शिकते, हे तुम्हां शिक्षकांना मी काय सांगावे?

तिसरे मत भाच्याच्या शाळेतल्या एका बाईंचे. त्या म्हणाल्या, "नव्या मालेत रुबी नावाची मुलगी आहे. ती चाकांच्या खुर्चीवरून वावरते. तिला यंत्रांचे वेड. डेनिसबरोबर ती सगळ्या उचापतींत असते आणि तिची कोणी कीव करत नाही. माझ्या वर्गात एक मुलगी तशाच खुर्चीवर येते. ती आता खेळाच्या तासाला मागे राहत नाही; पोरेच तिला ओढून नेतात. एवढ्यासाठी मी या कार्टूनला शंभर गुन्हे माफ केले." आणि जाता जाता त्या आणखी एक वाक्य बोलल्या. "डेनिससारख्या मुलांची मला काळजी नसते. ती ओरडतात, म्हणून दिसतात. वॉल्टर दिसत नाही."

नव्या मालेत वॉल्टर नुसता मऊ राहिलेला नाही. तो गावच्या मेयरचा मुलगा आहे आणि डेनिसची मजा मोडण्यासाठी कारस्थाने रचतो. म्हणजे त्याला छळतात याची टोचणी पाहणाऱ्याला लागू नये, म्हणून त्याला थोडा दुष्ट केला आहे. हा उपाय मला फारसा पटला नाही. एखाद्या गरीब पोराला त्रास दिल्याचे वाईट वाटू लागले, की 'तोच तसा आहे' असे म्हणण्याची युक्ती आपणही करतोच की!

आता चौथे मत. ते ज्याच्यासाठी हे सगळे केले त्याचे, म्हणजे माझ्या भाच्याचे. एके संध्याकाळी बहीण मला हळूच म्हणाली, "दादा, याला शाळेत काय म्हणतात ठाऊक आहे? वॉल्टर." चष्मा आहे, गृहपाठ वेळेवर करतो, फुटबॉल अंगावर आला की डोळे मिटतो. एवढे पुरे झाले होते. मला आश्चर्य वाटले. हाच मुलगा रोज वॉल्टरच्या फजितीवर खो खो हसत होता. मी त्याला म्हटले, "अरे, तुला ते आवडत नसेल तर आपण दुसरं काही लावू या की." तो म्हणाला, "नको मामा. मग शाळेत सगळे कशाबद्दल बोलतात ते मला कळणार नाही." आणि पुन्हा तो हसायला लागला. यावर मामाला काही बोलता आले नाही.

श्रोतेहो, बोलता आले नाही त्याला दुसरेही एक कारण होते. ते आज तुमच्यापाशी सांगतो.

मी सातवीत असताना आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे अक्षर मोत्यासारखे. शाळेपुढच्या झेंडूला आणि शेवंतीला तो रोज घंटेच्या आधी येऊन पाणी घाली. एकदा कावळ्याने चिमणीचे पिल्लू पाडले तेव्हा तो सगळ्यांदेखत रडला. त्या दिवशी मी त्याला 'लोण्या' म्हटले. लोण्याचा गोळा, तो लोण्या. वर्ग हसला. मला फार बरे वाटले, कारण तोवर वर्ग माझ्या बोलण्याला कधी हसला नव्हता. दुसऱ्या दिवशी सारी शाळा त्याला लोण्या म्हणू लागली. आठवड्याने हजेरी घेताना आमच्या गुरुजींनीही हसत हसत विचारले, "लोण्या आला का रे?" मास्तरांनी शिक्कामोर्तब केले, मग काय राहिले? वार्षिक परीक्षेनंतर तो आमच्या शाळेत आला नाही. मामाच्या गावी गेला असे कळले. केवळ त्या नावामुळे गेला असे मी म्हणत नाही; घरच्या अडचणी असतील, शेतीची कामे असतील. पण नावामुळे नाही गेला, असेही मला छातीला हात लावून म्हणता येत नाही.

लेस्टरहून परतल्यावर त्याच वर्षी, पावसाळ्याच्या तोंडी, तालुक्याच्या बाजारात मला तो दिसला. रोपे विकायला बसला होता. शेजारी त्याचा दहा-बारा वर्षांचा मुलगा. मला आनंद झाला आणि त्या भरात मी मोठ्याने हाक मारली, "अरे लोण्या!" मुलाने वर पाहिले आणि विचारले, "बाबा, हे कुणाला हाक मारतायत?" तो रोपे मोजत होता, ती मोजतच राहिला. म्हणाला, "कुणाला तरी. बाजार आहे." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "काय देऊ, प्राध्यापक साहेब?" मी शिकवतो हे त्याला ठाऊक होते. म्हणजे त्याने मला ओळखले होते.

मी जास्वंदीची दोन रोपे घेतली आणि निघालो. दुसरी हाक मारावी असे फार वाटत होते, पण त्याचे खरे नाव मला आठवेना. घरी आल्यावर सातवीच्या वर्गाचा जुना फोटो शोधला, मागे लिहिलेली नावे वाचली, तेव्हा कळले. एका मुलाचे नाव मी काढून घेतले होते आणि पंचवीस वर्षे मला त्याचा पत्ताही नव्हता.

म्हणून त्या कार्टूनबद्दलचे माझे मत विचाराल तर ते असे आहे. डेनिसला बांधून घालू नये. भिंतीवर चढणारा, प्रश्न विचारणारा, मोठ्यांच्या ताठ मानेला गुदगुल्या करणारा पोरगा गोष्टीत असलाच पाहिजे. तो नसेल तर गोष्टी मुलांच्या राहणार नाहीत, त्या आपल्या उपदेशाच्या होतील. त्याने मेयरची टोपी उडवावी, मास्तरांची खुर्ची डुगडुगवावी. मेयर आणि मास्तर आपली काळजी घ्यायला समर्थ आहेत. पण जो आपल्यापेक्षा दुबळा, एकटा किंवा वेगळा आहे त्याची टोपी उडवणे ही खोडी नव्हे. खोडी कोणती आणि छळ कोणता, हे ओळखायला बेचकी आहे की नाही ते पाहून चालत नाही. ती कोणावर रोखली आहे ते पाहावे लागते. २००९ साली बेचकी काढून घेणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण त्यांची नजर हातावर राहिली.

'बीनो'वाल्यांनाही हे उमगत चालले आहे. त्या साप्ताहिकात १९५४ पासून एका वर्गातल्या पोरांची चित्रमाला येते. तिच्यातल्या एका मुलाचे नाव 'फॅटी' होते, म्हणजे आपला 'जाड्या'. २०२१ साली त्याचे नाव बदलून 'फ्रेडी' केले. त्यावरही वाद झाला. कुणी म्हणाले, थट्टेलाही जागा ठेवत नाहीत. असे म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना शाळेत 'जाड्या' म्हणत असत, हे विचारायला हवे होते.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे सतरावे कलम आहे. छडीची बंदी सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याच कलमात मुलाला मानसिक त्रास देण्याचीही बंदी आहे, तिकडे आपले लक्ष कमी जाते. हजेरीच्या वेळी गमतीने घेतलेले टोपणनाव त्यात बसते की नाही, हे वकील सांगतील. ते मुलाला कसे बसते, ते मी पाहिले आहे.

आता थोडे कामाचे बोलू. शिक्षक मंडळींना माझी विनंती आहे, की हजेरी पूर्ण नावाने घ्यावी आणि प्रत्येक नावापाशी मान वर करून त्या मुलाकडे पाहावे. पालकांना सांगणे असे, की मुले पाहतात ते कार्टून एखादा दिवस त्यांच्याजवळ बसून पाहावे. संपल्यावर तात्पर्य सांगू नये, एवढेच विचारावे, "तू कुणाला हसलास रे?" उत्तर ऐकून घ्यावे आणि गप्प राहावे. पुढचा विचार ते मूल आपला आपण करते.

लेस्टरच्या त्या बाईंना माझ्या बहिणीने भाच्याच्या टोपणनावाची गोष्ट सांगितली होती. त्यांनी कुणाला शिक्षा केली नाही. कार्टूनही वाईट ठरवले नाही. वर्गाला एक काम दिले: डेनिसचे एक पान काढा, पण ते वॉल्टरच्या बाजूने काढा. भाच्याच्या पानाचा फोटो बहिणीने मला पाठवला. वॉल्टरने बागेत फुले लावली आहेत. नॅशर येऊन सगळी उकरतो. वॉल्टर रडत नाही, चिडत नाही. तो खिशातून दोरी काढून जमिनीवर एक सरळ रेघ आखतो, तिच्यावर हातभर अंतराने बिस्किटे पुरतो आणि बाजूला उभा राहतो. नॅशर बिस्किटांसाठी एका ओळीत बारा खड्डे खणतो. वॉल्टर त्यांत गुलाब लावतो. शेवटच्या चौकोनात डेनिस कुंपणावर बसून म्हणतो, "माझा कुत्रा तुझ्याकडे कामाला कधी लागला?"

सारा वर्ग हसला म्हणे, आणि डेनिस काढण्यात पटाईत असलेल्या मुलाने ते पान मागून घेऊन फळ्याशेजारी लावले. भाच्याला त्यानंतरही कुणी कुणी वॉल्टर म्हणत असे. पण खोखोत, नव्हे त्यांच्या फुटबॉलात, त्याला घेऊ लागले. गोलात उभा करत.

असे पान काढायला संगणक लागत नाही. पाटीवर चार चौकोन आखले तरी पुरे. तुमच्या शाळेत येत्या शनिवारी करून पाहा, आणि पहिला खडू जो मुलगा सहसा बोलत नाही त्याच्या हाती द्या.